ट्रेकला वाट चुकली तर काय करायचं: मुंबईहून पहिल्यांदा सह्याद्रीत निघणाऱ्यांसाठी

मी गेली बारा-तेरा वर्षं डोंगरात जातोय आणि तरीसुद्धा नोव्हेंबरातल्या एका रविवारी आसनगावजवळच्या माहुली किल्ल्यावरून उतरताना मी आणि माझा एक मित्र असे काही चुकलो की अख्खी रात्र एका कोरड्या धबधब्याच्या डोक्यावर बसून काढली. समोर हायवेवरच्या ट्रकचे दिवे दिसत होते, मधूनच कसारा लाईनवरच्या गाडीचा हॉर्न ऐकू यायचा, म्हणजे घर हे काय इथंच असं वाटायचं आणि पायाखाली मात्र सरळ कडा. चुकलं काय होतं विचाराल तर आसनगावहून एक ठरावीक लोकल पकडायची होती, बास. त्या लोकलपायी एका फाट्यावर दोन मिनिटं थांबून बघायला हवं होतं ते बघितलं नाही, आणि नंतर वाट ही नाही असं दोघांनाही आतून कळलेलं असताना एकमेकांना काही न बोलता अजून पाऊण तास खाली उतरत राहिलो.

मुंबईच्या माणसाचा प्रॉब्लेमच हा आहे की त्याला थांबता येत नाही. दादरच्या ब्रिजवर थांबलात तर मागचा ढकलतो, त्यामुळे पाय हलताहेत म्हणजे सगळं ठीक चाललंय असं अंगात भिनलेलं असतं. डोंगरात पहिली वीस मिनिटं चुकलेला माणूस सहज परत येतो, पुढचे दोन तास रेटत राहिलेला माणूस अडकतो. म्हणून खाली जे काही लिहिलंय त्यातलं निम्मं कुठे आणि कधी थांबायचं याबद्दलच आहे.

आदल्या रात्री

घरी "ट्रेकला जातोय" एवढंच सांगून निघू नका. मी तेच केलं होतं, बहिणीला रात्री अकरा वाजता कळेना की भाऊ माहुलीला गेलाय की माथेरानला. एका माणसाला नीट मेसेज टाकायचा: कुठला डोंगर, कुठल्या गावातून चढणार, कुठल्या गावात उतरणार, किती जण आहोत, सोबतच्या एकाचा तरी नंबर, आणि किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर शोधाशोध सुरू करायची. ही शेवटची वेळ सगळ्यात महत्त्वाची, नाहीतर समोरचा माणूस "नेटवर्क नसेल" म्हणत सकाळपर्यंत वाट बघतो. अमेरिकेत २००३ साली ॲरन राल्स्टन नावाचा चांगला मुरलेला गिर्यारोहक युटामधल्या एका घळीत एकटा गेला, हातावर दगड येऊन तो तिथंच अडकला आणि कुठे चाललोय हे त्याने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. १२७ तासांनी स्वतःचा हात कापून तो बाहेर पडला. एका मेसेजची किंमत काय असते ते यावरून बघा.

बॅगेत काय हवं ते पटकन सांगतो. शिट्टी, धोबी तलावच्या कुठल्याही खेळाच्या दुकानात मिळते, काही बॅगांच्या छातीवरच्या बकललाच असते, नीट बघा. टॉर्च, आणि मोबाईलचा टॉर्च हा टॉर्च धरायचा नाही. माणशी तीन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, चिक्की किंवा गूळ-शेंगदाणे, पॉवर बँक, पूर्ण बाह्यांचा एक जादा कोरडा शर्ट आणि कानटोपी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, लायटर, क्रेप बँडेज. आणि कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्या, माणशी दोन. हसू नका, त्या रात्री माझ्याकडे फक्त एकच होती आणि आम्ही ती आळीपाळीने पांघरली.

मोबाईलमध्ये त्या भागाचा नकाशा ऑफलाईन उतरवून ठेवा, तोही घरच्या वायफायवर, कर्जत गेल्यावर नाही. बऱ्याच नवीन लोकांना वाटतं नेटवर्क गेलं की जीपीएस पण गेला, तसं नसतं, जीपीएस उपग्रहाकडून चालतो, नकाशा उतरवलेला असेल तर तुमचा निळा ठिपका दिसत राहतो. दुसऱ्या कुणी रेकॉर्ड केलेला ट्रॅक मिळाला तर घ्या पण डोळे मिटून त्याच्या मागे जाऊ नका, तो मे महिन्यात चाललेला असतो आणि तुम्ही सप्टेंबरात कारवीच्या दाट झुडपांत घुसलेले असता. शिवाय उंच कड्यांच्या मधल्या घळीत ठिपका पन्नास-शंभर मीटर इकडेतिकडे उड्या मारू शकतो, आणि सह्याद्रीत तेवढ्यात एखादा कडा बसतो.

पायथ्याच्या गावात

स्टेशनवरून जीप करून गावात उतरलात की लगेच धावत सुटू नका, चहा घ्या, पोहे खा आणि एक प्रश्न विचारा. "वाट कुठून जाते" हा नाही, त्याला सगळे हात वर करून "ही सरळच" म्हणतात. विचारायचं असं: "मावशी, माणसं चुकतात कुठं हो?" मग खरी माहिती निघते, अमक्या आंब्यापाशी डावीकडे जाऊ नका ती ढोरवाट आहे, ओढा ओलांडल्यावर लगेच वर चढा, वगैरे. लिहून घ्या. अंतर मात्र विचारून उपयोग नाही, गावातल्या माणसाचं "हे काय इथंच" म्हणजे आपला तास-दीड तास असतो. पहिलीच वेळ असेल, पावसाळा असेल किंवा ढाक बहिरी, नळीची वाट असली अवघड चढाई डोक्यात असेल तर गावातला वाटाड्या घ्याच. पैशाची घासाघीस करू नका, मॉलमध्ये पॉपकॉर्नला याहून जास्त देतो आपण.

चालताना

वाट चुकण्याचं एक नंबरचं कारण म्हणजे ढोरवाटा. गुरं रोज चरायला जातात त्यांच्या पायाने मस्त मळलेल्या वाटा पडतात, अनेकदा खऱ्या वाटेपेक्षा रुंद, आणि त्या कुठेही जात नाहीत, चांगलं गवत असेल तिथं जाऊन विरतात. वाट हळूहळू अरुंद व्हायला लागली, फांद्या छातीला लागायला लागल्या, खाली चपलांचे-बुटांचे ठसे दिसेनात, वेफर्सची पाकिटं दिसेनात (लाज वाटते पण हीच आपल्याकडची खात्रीची खूण आहे) की समजायचं ढोरवाटेला लागलो.

दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. चढताना डोंगराच्या सगळ्या सोंडा (माथ्यावरून खाली उतरणाऱ्या धारा) माथ्याकडे एकत्र येतात त्यामुळे थोडं चुकलं तरी खपून जातं, उतरताना त्याच सोंडा फाकत जातात, वर दहा पावलांचा फरक खाली दोन वेगवेगळ्या दऱ्या होतो. त्यात पाय थकलेले, उजेड उतरलेला, लोकलचं टेन्शन. म्हणून चढतानाच प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघा आणि परतीच्या दिशेचा फोटो काढा. तीच वाट उलटीकडून बघितली की ओळखू येत नाही, एकदा करून बघा. आणि दगडावरच्या रंगवलेल्या बाणांवर फार विश्वास नको, कुठल्या ग्रुपने कधी कुठल्या वाटेसाठी काढलेत ते त्यांनाच माहीत.

ग्रुपमध्ये असाल तर शेवटी एक ठरलेला माणूस ठेवा आणि त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच" हे वाक्य ट्रेकवर बंद. अमेरिकेतल्या मेन राज्यात २०१३ साली ॲपलाचियन ट्रेलवर चालणारी एक साठी उलटलेली बाई लघवीसाठी वाट सोडून आत गेली आणि तिला परत वाटच सापडली नाही. नवऱ्याला तिने मेसेज पाठवायचा प्रयत्न केला, एकही गेला नाही, नेटवर्क मिळेल म्हणून ती अजून वर चढली, दाट झाडीत तंबू लावला. चारेक आठवडे जिवंत होती. मृतदेह सापडला तो २०१५ मध्ये, ट्रेलपासून तीन-एक किलोमीटरच्या आत. तेव्हा कुणाला आडोशाला जायचं असेल तर एकाने वाटेवर उभं राहायचं, बॅग वाटेवर ठेवायची आणि बोलत राहायचं, लाजायचं काही कारण नाही.

चुकलंय असं वाटलं की

बसा. खरंच खाली बसा, बॅग काढा, पाणी प्या, चिक्की खा, दहा मिनिटं कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. छातीत धडधडत असतं, डोकं एकच सांगत असतं की चल, पुढे असेल वाट, आणि ते डोकं त्या वेळी भरवशाचं नसतं. आम्ही ही दहा मिनिटं वाचवली आणि बारा तास बसलो.

दहा मिनिटांनी एकमेकांना विचारा, शेवटची शंभर टक्के खात्रीची जागा कुठली होती? पाण्याचं टाकं, शिडी, झेंडा, काहीही. तिथून किती वेळ चाललो? फोटोंची वेळ बघा, त्यावरून नेमकं कळतं. उजेड असेल आणि आलेली वाट ओळखू येत असेल तर त्याच वाटेने परत तिथपर्यंत जा, चढ असला तरी. इथेच सगळे कच खातात, उतरलेलं परत चढायचं म्हणजे जीवावर येतं, मग "इथून आडवं मारू" असा कुणीतरी शहाणपणा काढतो. आडवं मारायचं नाही. २००९ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगून जीपीएसने त्यांचा माग काढला, तर सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती जवळपास सरळ चालली, आणि ढगांनी सूर्य झाकलेल्या दिवशी जंगलातली माणसं गोल फिरून आपल्याच मागावर आली. त्यांना स्वतःला पत्ता नव्हता. जुलैत धुकं उतरल्यावर आपलंही तेच होतं, गावातले म्हणतात ना चकवा लागला, तो हाच बहुतेक.

कुणी एकाने "मी पुढे बघून येतो" म्हणून जाऊ नये. अगदीच जायचं तर आवाज पोचेल एवढ्याच अंतरात, नाहीतर एक प्रॉब्लेम होता तिथे दोन होतात.

ओढा धरून खाली उतरू नका

हे वेगळं लिहितोय कारण हा सल्ला शाळेपासून ऐकलेला असतो, पाण्याच्या मागे जा, पाणी गावात नेतं. १९७१ च्या डिसेंबरात पेरूच्या जंगलात विमान कोसळलं तेव्हा ज्युलियान कोपके ही १७ वर्षांची मुलगी ओढ्याच्या कडेने चालत राहिली आणि ११ दिवसांनी तिला माणसं भेटली. पण ते ॲमेझॉनचं सपाट खोरं आहे. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा बनलाय, एकावर एक थर, पायऱ्यांसारखे, आणि कोकणाच्या बाजूला तर डोंगर तुटलेलाच आहे. इथला ओढा सुरुवातीला छान गुळगुळीत दगडांतून उतरतो, मग आठ-दहा फुटांचा एक टप्पा येतो, तुम्ही बसत-घसरत उतरता, मग अजून एक, आणि मग चाळीस-पन्नास फुटांचा सरळ कातळ येतो जिथे पावसात धबधबा असतो. खाली जाता येत नाही आणि मगाशी घसरत आलेला टप्पा वर चढता येत नाही. बऱ्याच जणांचं असंच होतं, आमचंही झालं. तेव्हा नियम एकच, जे परत चढता येणार नाही ते उतरायचं नाही. ओढ्यापेक्षा सोंडेवर, धारेवर राहिलेलं बरं, तिथून दिसतं, आवाज जातो आणि नेटवर्क मिळायची शक्यताही तिथेच जास्त.

पावसाळ्यात ओढा चढला असेल आणि गाव पलीकडे दिसत असेल तरी थांबा. डोंगरातलं पाणी जसं झपाट्याने चढतं तसंच पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतं. गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तर हातात हात धरून साखळी-बिखळी करू नका, एक घसरला की सगळे जातात.

फोन

एकाचाच फोन चालू ठेवा, बाकीचे बंद, तोही फ्लाईट मोडवर, ठरावीक वेळाने उघडायचा. नेटवर्क शोधत बसलेला फोन बॅटरी खातो. ११२ हा आपत्कालीन नंबर लावा, तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसलं आणि दुसऱ्या कंपनीचं असलं तरी लागू शकतो. कॉल लागत नसेल तर एसएमएस टाका, एक दांडी क्षणभर आली तरी तो जातो. मेसेजमध्ये रडगाणं नको, नकाशावरच्या ठिपक्याचे आकडे कॉपी करा, किती जण, कुणाला लागलंय का, बॅटरी किती, आणि आम्ही इथून हलणार नाही. हे शेवटचं लिहिलंत तर पाळा, कारण लोक ते आकडे बघून निघतात. आपल्याकडे लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्था आहेत, महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांची हेल्पलाईन निघायच्या आधी शोधून सेव्ह करा. ही सगळी आपापली नोकरी-धंदा सांभाळून अर्ध्या रात्री डोंगर चढणारी माणसं आहेत, कुणी पगारी नाही.

रात्र काढायची वेळ आली तर

मुंबईत डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य मावळतो, जूनच्या शेवटी सव्वासातला, पण दरीत त्याच्या बरंच आधी अंधारतं. मावळायला तास उरला आणि वाट सापडलेली नाही की शोधणं बंद, जागा बघा. बरेच अपघात या शेवटच्या तासात अंधारात उतरायच्या नादात होतात, नुसतं चुकल्याने सहसा कुणी मरत नाही.

जागा ओढ्याच्या पात्रात नको, कड्याच्या टोकाला नको, वरून दगड येईल अशा घसाऱ्याखाली (सुट्या दगड-मातीच्या उताराखाली) नको. काठीने आपटून पालापाचोळा बघून घ्या, मग कोरडा पाला चांगला वीतभर जाड पसरा आणि त्यावर बसा, कारण वाऱ्याइतकीच थंडी खालच्या दगडातून चढते. ओले कपडे काढून कोरडा शर्ट, टोपी, त्यावर काळी पिशवी डोक्याच्या जागी भोक पाडून, पाय रिकाम्या बॅगेत, आणि एकमेकांना चिकटून बसा. हायपोथर्मियाला, म्हणजे अंग धोक्याइतकं गार पडायला, बर्फ लागतो असं समजू नका, भिजलेलं अंग आणि वारा असला की आपल्या घाटमाथ्यावर जुलैतही माणूस गारठतो. कुणी जीभ जड झाल्यासारखं बोलायला लागला, साध्या गोष्टीत गोंधळायला लागला, धडपडायला लागला तर त्याला आधी कोरडं करा, गोड खायला द्या. उन्हाळ्यात बरोबर उलटं, अकरा ते चार सावलीत पडून राहायचं, चालायचं नाही, आणि आहे ते पाणी पुरवून पुरवून जपत बसू नका, तहान लागली की प्या. पाणी पोटात असलेलं बरं. बाटलीत पाणी शिल्लक असताना चक्कर येऊन पडलेली माणसं मी पाहिलीत.

खाण्याची काळजी सोडा, दोन दिवस उपाशी राहून काही होत नाही, एकादशी समजा. अनोळखी फळं, कुत्र्याच्या छत्र्या असलं काही तोंडात घालू नका. टाक्यातलं पाणी मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं औषध) टाकून प्या, नसेल आणि जीव कासावीस झालाय तर तसंच प्या, पोट नंतर बघता येतं.

शेकोटीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. पावसाळ्यात ती पेटत नाही आणि फेब्रुवारी ते मे गवत इतकं वाळलेलं असतं की वणवा लागून तुम्हीच त्यात सापडाल. वर कड्याला आग्या मोहोळ असेल आणि धूर गेला तर विचारूच नका. अगदी कातळावर, आजूबाजूला सगळं साफ करून, छोटीशी, तेवढीच.

साप चावला तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका, तो हात किंवा पाय हलू न देता माणसाला झोपवून ठेवा आणि आता फोन हाच उपाय, धावायला लावू नका. बिबट्या बहुतेक वेळा तुम्हाला बघून आधीच निघून गेलेला असतो. येऊर-बोरिवली पट्ट्यात रात्र पडलीच तर एकट्याने ओणवं बसू नका, उभा माणूस त्याला माणूस वाटतो, बसलेला कधीकधी नाही. बोलत राहा, टॉर्च मारत राहा.

आवाज कसा द्यायचा

ओरडून घसा बसतो, शिट्टी वाजवा. जगभर चालणारी डोंगरातली खूण म्हणजे मिनिटाला सहा शिट्ट्या किंवा सहा वेळा टॉर्च, मग एक मिनिट गप्प, परत सहा. उत्तर मिनिटाला तीन असं येतं. मधलं ते एक मिनिट गप्प बसणं विसरू नका, पलीकडून कुणी हाळी दिली तर ऐकू कशी येणार? आम्ही रात्रभर वाटेल तशी शिट्टी फुंकत होतो. सकाळी सातला एक गुराखी आजोबा वरच्या धारेवर दिसले, म्हणाले, "शिट्टी रात्रीच ऐकली व्हती, म्हनलं पोरं मजा करत्यात." त्यांचीही चूक नाही, दर रविवारी कुठला ना कुठला ग्रुप उगाच पिपाण्या वाजवत असतो.

आजोबांनी आम्हाला आधी वर नेलं. अडीचशे पावलं मोजली मी, त्याच्या वर खरी वाट होती, रुंद, बुटांच्या ठशांनी भरलेली.

बाहेर आल्यावर

गावात पोचलात की ज्याला ज्याला कळवलं होतं त्या प्रत्येकाला फोन करा, घरच्यांना, ११२ ला, रेस्क्यूवाल्यांना, ज्या घरी सकाळी सांगून निघालात त्या मावशींना पण. तुम्ही आसनगावला वडापाव खाताय आणि चार पोरं दोर घेऊन तुमच्या नावाने हाका मारत कड्यावर फिरतायत असं व्हायला नको. चार्जिंग संपलं असेल तर कुणाच्याही दारात फोन मागा, देतात. चहा त्यानंतर.